जरा गप्प, आकडा चढतोय

दुपारी आमच्या बैठकीच्या खोलीत उन्हाचा एक तिरपा पट्टा येतो. आधी तो खुर्चीच्या हातावर बसतो, मग सावकाश घसरत सतरंजीवर उतरतो आणि पुस्तकांच्या कपाटापाशी जाऊन मावळतो. निवृत्त माणसाला असा पट्टा म्हणजे एक बिनपगारी नोकरीच असते. जेवून आरामखुर्चीत पडावं, डोळे अर्धे मिटावेत आणि त्या उजेडात तरंगणारे कण बघत राहावं. ते खाली पडत नाहीत, वर जात नाहीत, त्यांना कुठे पोचायची घाई नसते. आतून बायकोची गुणगुण येत असते. तिला शब्द नाहीत, नुसती चाल आहे. ती चाल पायरी पायरीने वर चढते आणि एका जागी येऊन नेमकी तुटते, कारण तेवढ्यात दूध वर येतं, नाहीतर बेल वाजते, नाहीतर मी पाणी मागतो. त्या जागेच्या पुढे काय आहे ते मला इतक्या वर्षांच्या संसारात कळलेलं नाही. तिथवर पोचेपर्यंत मला बहुधा झोप लागलेली असते.

तर एका दुपारी ती चाल त्या जागेच्या बरीच अलीकडे तुटली आणि पुढे खोकला ऐकू आला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग चाल बंदच झाली आणि नुसता खोकला राहिला. कोरडा, बारीक, दारावर कुणीतरी संकोचाने टकटक करावी तसा. पट्ट्यातले कण तेच होते, खुर्ची तीच होती, पण मला झोप येईना. घर एकदम मोठं आणि रिकामं वाटायला लागलं. मला भीती वाटली, हे सरळच सांगतो.

आमचे डॉक्टर खालच्याच मजल्यावर राहतात, त्यामुळे तब्येत विचारायला जाताना चपलाही घालाव्या लागत नाहीत. त्यांनी हिला तपासलं, छातीला नळी लावली, फुंकायला लावलं आणि म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही. श्वासनळी चिडलीय. औषध देतो, पण धूर आणि धूळ यांपासून जपा. घरातल्याही आणि बाहेरच्याही."

"धूळ आमच्याकडे फारशी नाहीच," मी म्हणालो. "उन्हाच्या पट्ट्यात दिसते तेवढीच."

"ती दिसते ना, ती बरी. ती बरीचशी नाकातच अडकते. जी दिसत नाही ती आत खोल जाते, फुप्फुसापर्यंत. तिथून पुढे हृदयालाही त्रास देते. तिच्यापासून जपायचं."

हे वाक्य मला लागलं. मी आयुष्यभर वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. बाजारपेठेतल्या प्रत्येक तराजूचा काटा माझ्या नजरेखालून गेला, मगच त्यावर खात्याचा शिक्का बसला. दुकानदार मला बघून मापाच्या तळाशी चिकटवलेला मेणाचा गोळा खरवडायला धावायचे. अशा माणसाच्या घरात, त्याच्या बायकोच्या फुप्फुसात, बिनशिक्क्याचं काहीतरी राजरोस ये-जा करतंय आणि त्याला ते दिसतही नाही, हा खात्याचाच अपमान होता. जे मोजता येत नाही त्याच्याशी भांडायचं कसं? मी त्याच आठवड्यात हवा मोजायचं यंत्र मागवलं.

यंत्र साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं, पांढरं आणि गोंडस होतं. पुढे काच, काचेवर आकडा आणि आकड्याच्या वर एक तोंड. हवा चांगली असली की तोंड हिरवं आणि हसरं, बरी असली की पिवळं आणि कोरं, वाईट झाली की लाल आणि वाकडं. शिवाय लाल झालं की ते किंचाळायचं. मी ते स्वयंपाकघरात फळीवर मधोमध ठेवलं. हिने बटाटे तळायला घेतले होते. कढईतून जरा धूर निघाला आणि फळीवरचं तोंड हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं लाल झालं आणि किंचाळायला लागलं.

बायकोने झारा खाली ठेवला, यंत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "अहो," ती शांतपणे म्हणाली, "सासूबाईंना परत कशाला आणलंत?"

तेव्हापासून यंत्राचं नाव सासूबाई पडलं. माझी आई स्वभावाने अतिशय गरीब होती, हे मी तिथल्या तिथे नोंदवून ठेवलं, पण नाव काही बदललं नाही. खरं सांगायचं तर यंत्राची वागणूक नावाला शोभणारी होती. हिने फोडणी टाकली की तोंड वाकडं. पोळी जरा करपली की तोंड वाकडं. चादर झटकली, की लगेच वाकडं. मी मात्र यंत्राच्या बाजूने होतो. हातात यंत्र घेऊन मी तिच्या मागे मागे फिरायचो आणि आकडे मोठ्याने वाचून दाखवायचो. पाहणीला आलेल्या माणसाने दुकानात मालाला हात लावायचा नसतो, या जुन्या नियमाने मी कामाला हात लावत नव्हतो.

पुढे मलाच ते बरं दिसेना. म्हणून एका सकाळी मी झाडू हाती घेतला. कोपरान् कोपरा, कपाटाखालून, पलंगाखालून, गालिचा काठीने झोडपून, असं मी घर झाडून काढलं. घाम आला, शिंका आल्या आणि मोठ्या अभिमानाने सासूबाईंकडे बघितलं तर त्या लालबुंद. आकडा बटाट्यांच्याही वर गेलेला. बायको दारात पदर नाकाला लावून उभी होती आणि खोकत होती.

"इतकी वर्षं ती बिचारी गालिच्यात गप्प बसली होती," ती म्हणाली. "तुम्ही उठवलीत."

या सगळ्याची वार्ता शेजारच्या शास्त्रज्ञांना लागली नसती तरच नवल. शास्त्रज्ञांचं खरं दुकान दिव्यांचं आणि बटणांचं आहे, पण प्रत्येक विषयावरचा लेख ते अर्धा वाचतात आणि उरलेला अर्धा स्वतःच्या डोक्यातून पुरा करतात, म्हणून सगळा मजला त्यांना शास्त्रज्ञ म्हणतो. ते आले, यंत्र उलटंसुलटं करून बघितलं, कानाला लावलं आणि म्हणाले, "तुमच्या घरात तुमची धूळ फार थोडी आहे. ही सगळी बाहेरची. ते बघा."

त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. समोरच्या गाळ्यात फरशी कापायचं दुकान होतं. कारागीर तोंडाला फडकं बांधून दगडाच्या लादीवर कटर चालवत होता आणि पांढरा ढग निघून, वळसा घेऊन, रस्ता ओलांडून आमच्या खिडकीकडे येत होता. इतका सावकाश, इतका मऊ, की क्षणभर बघतच राहावं. मी बघतच राहिलो. सासूबाई किंचाळल्या तेव्हा भानावर आलो.

आता ही बाब घराची राहिली नव्हती, ती सरकारदरबारी न्यायला हवी होती. मी स्वतः सरकारी माणूस, अर्ज कसा लिहावा हे मला कुणी शिकवायला नको. खाली 'आपला विश्वासू' लिहून, यंत्र पिशवीत घालून मी नगरपालिकेत गेलो.

वरच्या मजल्यावर हवा विभाग होता. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर ढकलला. "तक्रार धुळीची आहे. धूळ खाली, स्वच्छता विभागात."

मी खाली गेलो. स्वच्छता विभागातले साहेब म्हणाले, "आम्ही जमिनीवरची धूळ बघतो. ही तुम्ही लिहिलंय हवेत आहे. हवेतली वर."

मी वर गेलो. "हवेत आहे खरी," वरचे साहेब विचारात पडून म्हणाले, "पण ती शेवटी तुमच्या घरात खाली बसते ना? बसली की खालच्यांची. आत्ता या घटकेला तुमची धूळ नक्की कुठे आहे, ते आधी अर्जात स्पष्ट करा."

मला रागही येईना, कारण प्रश्न एका परीने सुंदर होता. त्या कचेरीत वरचे पंखे संथ फिरत होते, फायलींचे गठ्ठे छताला टेकलेले होते, उंच झरोक्यातून ऊन येत होतं आणि त्यात असंख्य कण तरंगत होते. साहेब आणि मी, आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघत बसलो. नोकरीतले कितीतरी वर्षांचे दिवस मला त्यात तरंगताना दिसले. मग मी, केवळ पुरावा म्हणून, पिशवीतून यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

ते ठेवताक्षणीच लाल झालं आणि अख्ख्या कचेरीभर किंचाळलं. आजूबाजूच्या टेबलांवरून माणसं उठून आली. कुणी खोकून बघितलं, कुणी नाडी धरली. साहेबांनी आकडा बघितला, फायलींकडे बघितलं, घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "माझ्या बायकोलाही मी कधीपासून सांगतोय की मला बरं वाटत नाही." ते तिथूनच अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेले. माझा अर्ज टेबलावर राहिला आणि त्यावर मी बघत असतानाच थोडी धूळ बसली, म्हणजे तो आता खालच्या विभागाचा झाला.

घरी आलो तेव्हा शास्त्रज्ञ वाटच बघत होते. "सरकारवर विसंबू नका. फटी बुजवा. बाहेरचं बाहेर, आतलं आत."

बेत मला एकदम पटला, कारण त्यात मोजमाप होतं. मी रुंद चिकटपट्टीच्या रिळांची पिशवी आणली आणि प्रत्येक खिडकीची प्रत्येक फट मापून, कापून, दाबून बंद केली. दाराखाली जुनी सतरंजी गुंडाळून लावली. बायको पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. औषधाने त्या दिवशी तिला जरा आराम होता. ती पंचा झटकत होती आणि झटकता झटकता, किती दिवसांनी, ती चाल तिच्या ओठांवर आली. अगदी हळू, चाचपत.

मी स्टुलावर उभा होतो, तोंडात चिकटपट्टीचा तुकडा होता आणि नजर यंत्रावर होती. तोंड हिरव्याचं पिवळं व्हायला लागलं होतं. मी मागे वळूनही न बघता म्हणालो, "अगं, जरा गप्प बस बघू. आकडा चढतोय."

"बरं," ती म्हणाली, आणि गप्प बसली.

शेवटची पट्टी लागली आणि थोड्या वेळाने सासूबाई हिरव्या झाल्या. नुसत्या हिरव्या नाहीत, त्यांच्या तोंडावर असं हसू पसरलं की आईच्या फोटोतही मी तसं पाहिलं नव्हतं. बाहेर कटर चाललेला दिसत होता, ऐकू येत नव्हता. रस्त्यावरून माणसं ओठ हलवत जात होती. घर तळ्याच्या तळाशी ठेवल्यासारखं निवांत झालं. आम्ही दोघं सोफ्यावर बसलो आणि हिरव्या तोंडाकडे बघत राहिलो. हळूहळू मला वाटायला लागलं की माझे पाय फार लांब आहेत आणि ते दुसऱ्या कुणाचे तरी आहेत. बायकोने जांभई दिली, मग मी दिली.

शास्त्रज्ञ आपल्या विजयाची पाहणी करायला आले. सतरंजी परत नीट लावून, खुर्चीत बसून त्यांनी बोलायला सुरुवात केली, "आता पुढची पायरी म्हणजे..." आणि ती पायरी काय हे जगाला अजून कळायचं आहे, कारण तोंड उघडं ठेवूनच त्यांना झोप लागली. त्यांना शोधत त्यांची बायको आली. "अहो, दुकान उघडं टाकून इथे काय..." म्हणत ती क्षणभर टेकली आणि उशीवर कलंडली. मला हे सगळं दिसत होतं आणि त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला एक मोठा तराजू दिसत होता, त्याच्या एका पारड्यात आमचं घर आणि दुसऱ्यात ते कण. काटा मधोमध थरथरत होता. मी शिक्का शोधत होतो आणि तो काही केल्या सापडत नव्हता.

किंकाळीने जागा झालो. खोली निळसर धुराने भरली होती. बायकोने मघाशी गॅसवर दूध ठेवलं होतं. ते उतू गेलं, आटलं, करपलं आणि आता भांडंच जळत होतं. सासूबाई लाल होऊन जिवाच्या आकांताने ओरडत होत्या. मी धावत जाऊन गॅस बंद केला आणि खिडकीला हात घातला. खिडकी हलेना. पट्टी मी अशी काटेकोर लावली होती की नखाला सुरुवात सापडेना. मी खिडकीशी झटापट करत होतो आणि मागे बायको खोकत होती, पहिल्यासारखी संकोचाची टकटक नव्हे, दार फोडावं तसा खोकला. शेवटी शास्त्रज्ञांनी दाराखालची सतरंजी उपसली आणि आम्ही चौघं विस्कटलेल्या केसांनी, गालावर उशीच्या घड्या घेऊन, जिन्यात येऊन बसलो.

आवाज ऐकून खालून डॉक्टर आले. त्यांनी आधी हिला तपासलं, मग कात्री मागून घेतली, आत जाऊन सगळ्या खिडक्यांच्या पट्ट्या कापल्या आणि बाहेर येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"जपा म्हणालो होतो. लोणच्यासारखं बरणीत भरा नव्हतो म्हणालो."

"पण यंत्र हिरवं होतं," मी म्हणालो.

"यंत्राला धूळ कळते. माणसांनी सोडलेला श्वास आत कोंडला की माणसं पेंगतात, ते त्याला कळत नाही. स्वयंपाक करताना खिडकी उघडा, धूर बाहेर जाऊ दे. कोरडं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. समोरचं काम चालू असेल तेवढा वेळ त्या बाजूची खिडकी लावा आणि कारागीर जेवायला बसले की उघडा. एवढंच आहे."

एवढंच होतं, हे ऐकून माझी मान आणखी खाली गेली. त्यावर कडी बायकोने केली. बरं वाटल्यावर ती भाजीची पिशवी घेऊन खाली उतरली, रस्ता ओलांडला आणि फरशीवाल्या कारागिराला म्हणाली, "अरे, लादीवर पाणी सोडत सोडत काप की. आमच्याकडे येतं ते येतं, आधी तर तुझ्याच छातीत जातंय." तो म्हणाला, "नळ मागे आहे, पाइप पुरत नाही." ही वर आली आणि गच्चीवर पडलेला आमचा बागेचा पाइप त्याला नेऊन दिला. झालं. ढग यायचा बंद झाला. माझा अर्ज दोन विभागांच्या मधल्या जिन्यात कुठेतरी अजून चढतोय, नाहीतर उतरतोय.

ओली फडकी आली, स्वयंपाकघराची खिडकी उघडी राहायला लागली, गालिचा गच्चीवर झटकला जायला लागला. खोकला कमी झाला आणि मग एक दिवस लक्षात आलं, तो नाहीच. डॉक्टरांनी छाती पुन्हा ऐकली आणि नुसतं बोटाने 'जा' म्हणून खुणावलं. मी यंत्र बैठकीच्या खोलीत फडताळावर ठेवून दिलं, मोजायचं साधन टाकून देणं माझ्याच्याने होत नाही. दुपार पहिल्यासारखी झाली. पट्टा आला, खुर्चीच्या हातावर बसला. कण आले, तरंगायला लागले. मी डोळे अर्धे मिटले आणि वाट बघत राहिलो.

आतून काही ऐकू आलं नाही. भांड्यांचा आवाज येत होता, तोही जपून ठेवल्यासारखा. दुसऱ्या दिवशीही तसंच. मला वाटलं, आवाज बसला असेल, श्वास पुरत नसेल, आपल्यापासून काहीतरी लपवतेय. डॉक्टरांना परत विचारून आलो. ते म्हणाले, "छाती ठणठणीत आहे हो त्यांची." झोप माझी गेली ती गेलीच. शेवटी एका दुपारी न राहवून उठलो आणि आत गेलो. ती पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अगं, तुला दम लागतो का?"

"नाही."

"घसा दुखतो?"

"नाही हो. का?"

"मग गुणगुणत का नाहीस?"

तिने पंच्याची घडी घातली, तिच्यावरून हात फिरवला. "तुम्हीच म्हणालात ना. मी गुणगुणले की आकडा चढतो म्हणून."

"मी कधी म्हणालो?"

"स्टुलावर चढला होतात तेव्हा." ती हसून म्हणाली, पण हसू पुरतं आलं नाही. "म्हटलं, तुम्ही एवढे जीव तोडून खटपट करताय माझ्यासाठी. जाऊ दे, राहील तेवढं बंद. सवय झाली आता."

तिथे उभं राहून मला दिसलं की त्या दिवशी ती पंचे झटकत होती. आकडा चढला तो पंच्यांच्या तंतूंनी. निरीक्षकाला एवढंही दिसलं नव्हतं, आणि माझ्या एका शब्दावर या बाईने आपला आवाज मिटून, घडी घालून ठेवून दिला होता. मला लाज वाटली.

मी बाहेर गेलो, फडताळावरून सासूबाईंना घेऊन आलो आणि पलंगावर तिच्यासमोर ठेवल्या. मग खात्याच्या सगळ्या इभ्रतीनिशी ताठ बसलो, यंत्राच्या तोंडाशी तोंड नेलं आणि तिची चाल गुणगुणायला लागलो. गाणं हा माझा प्रांत नाही. लहानपणी प्रार्थनेलाही मास्तर मला नुसते ओठ हलवायला सांगायचे. पण मी सोडलं नाही. पहिली पायरी चुकलो, दुसरी घसरलो, तिसरीवर आवाज फाटला. यंत्र हिरवंच राहिलं. आकडा जागचा हलला नाही.

"बघ," मी म्हणालो. "तपासून दाखवलं. यात काही दोष नाही."

"अहो, यंत्र बहिरं आहे म्हणून हिरवं आहे," ती म्हणाली आणि मग तिला हसू आवरेना. हसता हसता डोळे पुसले. "असं नाहीये ते. ऐका."

आणि तिने सुरुवात केली. बाहेर फरशीवाले जेवायला बसले होते, खिडकी उघडी होती, हवा आत येत होती. बैठकीच्या खोलीतला पट्टा सतरंजीवर उतरला होता आणि दारातून त्याचा एक तुकडा पलंगाच्या पायापर्यंत आला होता. त्यात कण तरंगत होते. चाल पायरी पायरीने वर गेली, त्या जागी पोचली, आणि दारावरची बेल वाजली.

"अहो, उघडा हो, नवीन लेख वाचलाय," बाहेरून शास्त्रज्ञांचा आवाज आला.

ती थांबली. सवयीने तिने पायात चप्पल सरकवली आणि उठायला लागली. मी तिचा हात धरला आणि मान हलवली. बेल परत वाजली, मग परत, मग चपला फरफटत शेजारच्या दाराकडे गेल्याचं ऐकू आलं.

ती परत बसली आणि पुढची चाल म्हणायला लागली. मी जागा होतो. पुढे ती आणखी वर जात नाही, सावकाश खाली उतरते आणि जिथून निघाली तिथेच येऊन बसते.